काका, त्या खुर्चीबद्दल

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

अमेरिकेतल्या कॉलेजांसाठीचा माझा अर्ज ३० डिसेंबरच्या रात्री गेला. निकाल मार्चअखेरीस लागेल. प्रवेश मिळाला तर पेढे घेऊन मी तुमच्याकडे येणारच आहे, पण तेव्हाचे आभार निकालाचे होतील. मला त्याआधीचे मानायचेत. आणि सगळ्यांसमोर मानायचेत, कारण आमच्या वसाहतीत आत्ता अकरावी-बारावीला असलेल्या कुणाच्या तरी घरी, आमच्यासारखीच, फीची जुळवाजुळव चालू असेल.

अमेरिकेतली हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट अशी अगदी मोजकी ठिकाणं परदेशी मुलांनाही घरची ऐपत न बघता निवडतात आणि निवडलं की लागेल तेवढी सगळी मदत देतात, हे मला कॉलेजात कळलं. त्या अर्जाला मार्कांइतकाच निबंध महत्त्वाचा. मुख्य निबंध ६५० शब्दांचा, पुढचा एक शब्दही रकाना घेत नाही. शिवाय प्रत्येक ठिकाणचे दीडशे-दोनशे शब्दांचे छोटे निबंध वेगळे. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमातली. आईला धास्ती वाटली, म्हणून बाबांनी पतपेढीतून कर्ज काढलं आणि मला वाशीतल्या एका नावाजलेल्या सल्लागारांकडे घातलं.

तिथे पहिल्याच दिवशी मला सांगण्यात आलं, "वडील हमाल आहेत ना? मग हीच तुझी स्टोरी. गरिबी ठळक आली पाहिजे." तीन आठवड्यांत निबंध तयार झाला. त्यात अंधारी खोली होती, वाकलेली पाठ होती, अडाणी बाप होता. शेवटी मी स्थापन केलेली एक संस्थाही होती, जी मी कधी स्थापन केली नाही. बाबा पाटण तालुक्यातल्या शाळेत सातवी झालेत. रोज पेपर वाचतात. हमाली-तोलाईचा हिशोब तोंडी करतात आणि तो चुकत नाही. हे सगळं मला माहीत होतं, काका, आणि तरीही मी तो निबंध मान्य केला. त्याची लाज मला अजून वाटते. पण अठरा वर्षांच्या मुलीला ज्यांनी ते करायला लावलं, पैसे घेऊन लावलं, त्यांना ती वाटली नाही, याचा राग लाजेहून मोठा आहे.

तुम्ही अभ्यासिकेत रोज पेपर वाचायला यायचात. तुम्ही तीस वर्षं उपसंपादक होतात हे ग्रंथपालबाईंनी सांगितलं, म्हणून भीत भीत कागद पुढे केला. तुम्ही दोनदा वाचलंत. इंग्रजी चांगलं आहे म्हणालात. मग विचारलंत, "हे बाबांना वाचून दाखवलंस?"

मी गप्प बसले. तुम्हीही पुढे काही बोलला नाहीत. "रविवारी संध्याकाळी घरी ये," एवढंच म्हणालात.

त्या रविवारी बाबा मला न्यायला आले, तो प्रसंग मला लिहायचाय. ते दारातच उभे राहिले, खांद्यावर टॉवेल, नेहमीसारखे. "पायाला माती आहे, खालीच थांबतो," म्हणाले. तुम्ही उठलात. तुमची ती वेताची खुर्ची, पाठीला उशी बांधलेली, जिच्यावर काकूही बसत नाहीत, ती ओढून त्यांच्यापुढे ठेवलीत आणि स्वतः स्टुलावर बसलात. चहा-पाण्याचं विचारायच्या आधी तुम्ही त्यांना विचारलंत, "गोणी पाठीवर घ्यायच्या आधी तुम्ही काय बघता?"

बाबांनी आधी माझ्याकडे बघितलं. असा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. मीसुद्धा नाही, अठरा वर्षांत एकदाही नाही.

मग ते बोलायला लागले. शिवण कुठल्या बाजूला आहे ते बघायचं. ५० किलोची गोणी पायानं उचलायची, पाठीनं नाही. मानेवर घेतली की आतला माल कळतो. कांदा सडायला लागला असेल तर बारदानाला ओल सुटते, ती मानेला लागते. "व्यापाऱ्याला कळायच्या आधी मला कळतं," बाबा म्हणाले, आणि हे सांगताना ते खुर्चीत ताठ बसले होते. तुम्ही माथाडी कायद्याचं विचारलंत, तर त्यांनी १९६९ पासून सुरुवात केली. त्याआधी हमालाला ना भविष्यनिर्वाह निधी, ना ग्रॅच्युइटी, काम संपलं की संबंध संपला. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून कायदा आला, मंडळं आली, मजुरी मंडळात जमा व्हायला लागली. आमचं कोपरखैरण्याचं घर सिडकोनं माथाडींसाठी बांधलेल्यांपैकी आहे. ते कुणाच्या मेहरबानीचं नाही, हक्काचं आहे, हे मी पहिल्यांदा तुमच्या घरात ऐकलं, माझ्याच बापाकडून.

मी बाजूला बसून वहीत उतरवून घेत होते. माझा हात थरथरत होता.

नंतरच्या दोन आठवड्यांचं फार लिहीत नाही. नवा निबंध मी आधी मराठीत लिहिला, मग इंग्रजीत. तो ९०० शब्दांचा झाला आणि तुम्ही एकही शब्द स्वतः खोडला नाहीत. पेन्सिल माझ्या हातात दिलीत. "अर्जावर सही तुझी आहे. माझं एक वाक्य आत गेलं तरी ते खोटं," म्हणालात. फक्त बोट ठेवायचात. 'पॅशनेट'वर बोट ठेवलंत, मी खोडला. बालपणाच्या परिच्छेदावर ठेवलंत, मी रडले आणि खोडला. निबंध आता बाबांच्या मानेला लागलेल्या ओलीपासून सुरू होतो. ६४३ शब्द झाले.

पाठवायच्या आदल्या रात्री मी तो मराठीत सांगत सांगत बाबांना वाचून दाखवला. त्यांनी एकच दुरुस्ती सुचवली. मी 'ओझं' लिहिलं होतं. ते म्हणाले, "ओझं नाही, माल म्हण."

काका, तुम्ही एक पैसा घेतला नाहीत हे मोठं आहेच. पण या शहरात पैसे न घेणारी माणसं मला आणखी भेटली आहेत: तीन महिने मला बंद व्हायच्या वेळेनंतरही बसू देणाऱ्या ग्रंथपालबाई, चुकलेल्या प्रिंटचे पैसे न लावणारा झेरॉक्सवाला दादा. चांगुलपणाचा गाजावाजा करायची यांच्यापैकी कुणाला सवय नाही, म्हणून अशी भली माणसं मोजण्यात आपण कमी पडतो. तुमचं वेगळं एवढंच की माझ्या बापाला माहिती असलेला माणूस म्हणून तुम्ही विचारलंत, आणि उत्तर संपेपर्यंत ऐकलंत.

बाबांनी निरोप दिलाय. कांदा-बटाटा मार्केट बघायला येईन असं तुम्ही म्हणाला होतात, ते त्यांनी लक्षात ठेवलंय. रविवारी बाजार बंद असतो, तेव्हा शनिवारी या. गाड्या पहाटेपासून खाली होतात. ते गेटवर थांबतील. चपला नको, बूट घाला, खाली चिखल असतो.

तुमची,
कोपरखैरण्याची मुलगी