७३ गुणांनंतरचा पास

आदरणीय श्री. पानायोतिस यानाकिस यांस,
सविनय नमस्कार.

हे पत्र मराठीत असल्याने आपल्या वाचनात येण्याचा संभव फारसा नाही, तरीही नागपुरात शाळकरी मुलांना बास्केटबॉल शिकवताना ग्रीसचे खेळाडू आणि प्रशिक्षक म्हणून आपल्या कारकिर्दीचा मला जो आधार झाला, त्याचे ऋण उघडपणे मान्य करावे म्हणून लिहीत आहे.

आमच्या संघात एक मुलगा उत्तम नेमबाज होता. चेंडू हाती आला की तो थेट बास्केटकडे जाई, उरलेले चौघे बघत उभे राहत आणि त्याने कितीही गुण केले तरी सामना आम्ही हरत असू. रागावून उपयोग होईना, तेव्हा मी त्याला जानेवारी १९८१ मधील एका सामन्याची हकिगत सांगितली. आयोनिकोस निकाइया या ग्रीक क्लबकडून त्या दिवशी आपण ७३ गुण केलेत, समोर अरिस क्लबच्या निकोस गालिस यांनी ६२ केले आणि अरिसने सामना ११४–११३ असा जिंकला. पुढे १९८४ मध्ये आपण त्याच अरिसमध्ये गेलात आणि गुणांचे धनी गालिसच राहणार हे दिसत असूनही त्यांना चेंडू पुरवण्याचे काम पत्करलेत. त्यानंतर १९९१ पर्यंत सलग सात वर्षे ग्रीसचे विजेतेपद थेस्सालोनिकीच्या या संघाकडेच राहिले. १९८७ मध्ये पिरेयसला सोव्हिएत संघाला जादा वेळेत १०३–१०१ असे हरवून ग्रीस युरोपचा विजेता झाला, तेव्हाही ४० गुण गालिस यांचे होते. कर्णधार आपण होतात.

बेलग्रेडला २००५ मध्ये तेच विजेतेपद आपण प्रशिक्षक म्हणून मिळवलेत, परंतु माझ्या सर्वाधिक उपयोगी पडला तो १ सप्टेंबर २००६ चा, सैतामा येथील जागतिक स्पर्धेचा उपांत्य सामना. समोर लेब्रॉन जेम्स, ड्वेन वेड आणि कार्मेलो अँथनी यांचा अमेरिकी संघ होता, आणि दुसऱ्या सत्रात आपला संघ बारा गुणांनी मागे पडला होता. अशा वेळी आम्ही प्रशिक्षक घाईघाईने नवनवे डाव काढतो (निदान मी तरी काढत असे). आपल्या संघाने मात्र पिक अँड रोल हा साधा, शाळेतल्या मुलांनाही येणारा डाव पुन्हा पुन्हा खेळला: अवाढव्य सोफोक्लिस स्खोर्त्सानितिस आडवा उभा राही, पापालुकास त्याला वळसा घालून क्षणभर थांबत आणि जो मोकळा सापडेल त्याच्या हाती चेंडू देत. स्पानुलिस यांनी २२ गुण केले, पापालुकास यांनी १२ असिस्ट (ज्यावर सहकारी लगेच गुण करतो असे पास) दिले आणि सामना १०१–९५ असा ग्रीसचा झाला. दोनच दिवसांनी अंतिम सामन्यात स्पेनने आपल्याला ७०–४७ असे हरवले. तोही सामना मी मुलांना दाखवतो, कारण पास अडवले गेले की काय होते, हे त्यात स्पष्ट दिसते.

ओलिंपियाकोस व लिमोज हे क्लब आणि चीनचा संघ यांच्यासोबतची आपली वर्षे मी दुरूनच पाहिली, त्यामुळे त्यांविषयी लिहिण्याचा अधिकार मला नाही.

तो मुलगा आता सामना संपल्यावर गुणपत्रक पाहायला येतो, ते आधी असिस्टचा रकाना पाहण्यासाठी. गेल्या आठवड्यात त्यात सात होते. त्याच्या वतीने आणि माझ्या वतीनेही आपले मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
नागपूरचा एक बास्केटबॉल प्रशिक्षक