सिंगल-स्पीड ई-सायकलबाबत तक्रार: विकताना पिनकोड चालला, दुरुस्तीला चालत नाही

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

दिनांक: २ सप्टेंबर २०२५

विषय: दीड महिन्यापासून बंद असलेली ई-सायकल दुरुस्त करून मिळणे किंवा पूर्ण पैसे परत मिळणेबाबत.

महोदय,

मी दारव्हा तालुक्यातल्या (जि. यवतमाळ) एका खेड्यात राहतो आणि दारव्ह्याला पतसंस्थेत हिशेब लिहितो. जायला ११ किलोमीटर, यायला ११. त्यातले ८ डांबरी, उरलेला ३ किलोमीटर पांधण रस्ता. एसटीचं आणि ऑफिसचं वेळापत्रक जुळत नाही, आणि दारव्ह्यावरून जाणारी शकुंतला रेल्वे कधीचीच बंद पडली. म्हणून १४ मे रोजी तुमच्या संकेतस्थळावरून सिंगल-स्पीड ई-सायकल मागवली. किंमत ४१,९९९ रुपये.

सिंगल-स्पीड मी मुद्दाम घेतली. आमची काळी माती पावसात चाकाला लोण्यासारखी चिकटते. गिअरच्या सायकलीत मागच्या डिरेल्युअरमध्ये (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) तो गोळा अडकला की तो भाग धरणारी पट्टी, म्हणजे हँगर, वाकलाच समजा. इथे एक चेन, पुढे एक चक्र, मागे एक फ्रीव्हील. जूनच्या चिखलात या भागाने कधी दगा दिला नाही, हे कबूल करतो. मोटर २५० वॅटची आणि वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंतच, त्यामुळे लायसन्स नाही, नोंदणी नाही. सुरुवातीला वडीलही सकाळी शेतावर घेऊन जायचे. म्हणजे सायकलीची कल्पना चांगली आहे. तक्रार तुमच्या आकड्यांबद्दल आणि त्यानंतरच्या वागणुकीबद्दल आहे.

आधी वजन. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत 'फक्त १५.५ किलो'. मी ओळखीच्या अडत्याच्या काट्यावर सायकल ठेवली, ज्यावर सोयाबीनची पोती मोजतात त्याच. १८.६ भरले. हमालांनी 'भाव काय लागला?' विचारून हसून घेतलं, ते असो. तुमच्या प्रतिनिधीने फोनवर सांगितलं की १५.५ हे बॅटरी, पायडल, स्टँड आणि मडगार्ड सोडून. बैल विकताना कोणी शिंगं सोडून वजन सांगत नाही.

तीन किलोंसाठी एवढा कांगावा कशाला, असं वाटेल. कारण सांगतो. बॅटरी ३६ व्होल्ट, ७ अँपिअर-अवर, म्हणजे २५२ वॅट-अवर. 'एका चार्जमध्ये ६० किलोमीटर' म्हणायचं तर किलोमीटरला ४.२ वॅट-अवरच खर्च व्हायला हवेत. माझं वजन ७४ किलो, पाठीवर डबा आणि दफ्तर, पावसाळ्यात जाताना वारा तोंडावर. मी वहीत रोज नोंद ठेवली. नुसत्या थ्रॉटलवर, म्हणजे पायडल न मारता मुठीच्या दट्ट्यावर, २४ किलोमीटरला बॅटरी संपली. सर्वांत कमी असिस्टवर (पायडलला मोटरची मदत), बऱ्यापैकी पायडल मारत, ३८ पर्यंत गेली. तुमचे ६० किलोमीटर माहितीपत्रकाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत सापडले: '६० किलोचा स्वार, सपाट रस्ता, वारा नाही.' असा दिवस आमच्याकडे नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, मिळेल; पण तेव्हा सायकल चालवणारा माणूस मिळणार नाही.

थ्रॉटलवर २४ आणि रोजचं अंतर २२, म्हणजे चार्जिंग ऑफिसात करणं आलं. घरी रात्रीच्या विजेचा भरवसा नाही. ऑफिस पहिल्या मजल्यावर आहे, आणि बॅटरी तुम्ही फ्रेमच्या नळीत कायमची बसवली आहे. काढून वर नेता येत नाही. त्यामुळे मी रोज २१ पायऱ्या अख्खी सायकल खांद्यावर घेऊन चढलो. तीन किलोंचा फरक पंधराव्या पायरीवर कळतो. आणि बॅटरी संपल्यावर चढावर काय होतं तेही लिहितो: पुढे ४४ दात, मागे १८; पायडलच्या एका फेऱ्यात सायकल पाच मीटर पुढे जाते. सपाट रस्त्यावर ते मस्त, चढावर गुडघे बोलायला लागतात.

इथपर्यंत मी सहन केलं. खरी तक्रार पुढे आहे.

१७ जुलैला पावसात भिजून आल्यावर पायडल मारलं तरी मोटर लागेना. दुसऱ्या दिवशी लागली, पण नको तेव्हा. फाट्यावर ट्रक जाऊ देण्यासाठी एक पाय टेकवून, दुसरा पायडलवर ठेवून उभा होतो, आणि सायकलने एकदम पुढे ओढ घेतली. ब्रेकचा दांडा हातातच होता. तो दाबला की मोटरची वीज तुटते, म्हणून वाचलो. त्या दिवसापासून मी ती चालवलेली नाही, वडिलांनाही देत नाही.

दारव्ह्याच्या सायकलवाल्या भाऊंकडे नेली. क्रँकच्या (पायडलच्या दांड्याच्या) मागे बारीक चुंबकांची चकती असते आणि समोर पायडल फिरतंय हे मोटरला कळवणारा सेन्सर. त्या फटीत माती सुकून बसली होती. त्यांनी ब्रशने काढली, फरक पडला नाही. मग सेन्सरची वायर जोडावर सोडवून पाहिली: दोन पिना हिरव्या पडलेल्या, एक काळी. कुठलाही स्क्रू उघडलेला नाही, फोटो सोबत आहेत. ते म्हणाले, "चेन, फ्रीव्हील, पंचर काहीही सांगा, भाऊ. पन हा पार्ट मले कोनी देत नाही." यवतमाळला विचारलं, तिथेही हा जोड मिळत नाही. तो फक्त तुमच्याकडे आहे.

तुमचं पहिलं उत्तर: पाणी गेल्यामुळे बिघाड, वॉरंटीत बसत नाही. तुमच्याच माहितीपत्रकाच्या पान ४ वर 'आयपी ६५' छापलं आहे. त्यातला ६ म्हणजे धूळ आत जाणार नाही, ५ म्हणजे चारी बाजूंनी पाण्याचा फवारा मारला तरी बिघाड होणार नाही. आषाढातला पाऊस याहून वेगळा काय करतो?

दुसरं उत्तर: 'सर, ही सिटी सायकल आहे.' खरेदीच्या आदल्या दिवशी मी चॅटवर विचारलं होतं की ३ किलोमीटर पांधण आहे, चालेल का. उत्तर होतं: 'नक्की चालेल सर,' आणि पुढे अंगठा. त्याचा स्क्रीनशॉट सोबत आहे.

तिसरं: तुमच्या पिनकोडवर टेक्निशियन उपलब्ध नाही, सायकल कुरिअरने पाठवा. कुरिअरवाल्याने लिथियम बॅटरी ऐकताच हात वर केले. ती धोकादायक मालाच्या नवव्या वर्गात मोडते, आणि तिच्यासाठीचं पॅकिंग व कागद मी कुठून आणू? तुमचं जवळचं केंद्र नागपूरला. यवतमाळहूनच नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर, दारव्हा त्याच्याही अलीकडे नाही, पलीकडे. तीच सायकल मे महिन्यात याच पिनकोडवर, माझ्या ओसरीत, पाच दिवसांत पोचली होती.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मेसेज आला: 'ग्राहकाकडून प्रतिसाद न मिळाल्याने तक्रार बंद.' तोवर मी नऊ फोन आणि सहा ईमेल केले होते.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार तुम्ही ४८ तासांत तक्रारीची पोच आणि एका महिन्यात निवारण द्यायला हवं होतं. तो महिना उलटून गेला आहे. आता माझं म्हणणं एवढंच: १५ दिवसांत सेन्सर आणि वायर घेऊन माणूस पाठवा आणि घरी दुरुस्ती करून द्या. ते जमत नसेल तर सायकल तुमच्या खर्चाने परत न्या आणि ४१,९९९ रुपये पूर्ण द्या. कूपन नको, 'पुढच्या खरेदीवर सूट' तर मुळीच नको. शिवाय हा सेन्सर सुटा विकायला काढा; बसवायला आमचे भाऊ समर्थ आहेत.

नाहीतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर नोंद करून यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या कायद्याने ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. म्हणजे या वेळी पिनकोड माझा असेल.

आपला ग्राहक
(नाव, पत्ता व ऑर्डर क्रमांक सोबतच्या पावतीवर)

सोबत: पावती, काट्याची चिठ्ठी, वहीच्या पानांच्या झेरॉक्स, फोटो, चॅटचा स्क्रीनशॉट.

ता. क. टेक्निशियन येणार असेल तर सकाळच्या एसटीने फाट्यावर उतरावं. मी घ्यायला येईन, वडिलांच्या जुन्या काळ्या सायकलवर. तिला कॅरिअर आहे.