टेप घेऊन आईंच्या खुर्चीपाशी बसलेल्या दादांना

दादा,
स. न. वि. वि.

परवा आम्ही नव्या घरात राहायला आलो. सामान अजून खोक्यांतच आहे, पण तुम्हाला पत्र आधी लिहायचं हे मी ठरवूनच ठेवलं होतं.

ऐरोलीचं आमचं सिडकोचं रो-हाऊस पाडून नव्यानं बांधायचं ठरलं, तेव्हा आम्ही आधी घरांचे नकाशे काढणाऱ्या एका मोठ्या ऑफिसात गेलो होतो. त्यांनी पैसे भरपूर घेतले आणि थ्री-डी म्हणून चित्रं दिली. झुंबर, पांढरा सोफा, आमची बारा फुटी खोली लग्नाच्या हॉलएवढी! कॅमेऱ्याचा कोन रुंद केला की असं दिसतं, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा कळलं. जिन्याचं विचारलं तर "मॅडम, ड्रॉइंगमध्ये सगळं आहे," एवढंच उत्तर. ते ड्रॉइंग आम्हाला वाचता येत नाही, याची आम्हालाच लाज वाटावी असं बोलायचे. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

मग आम्ही तुम्हाला बोलावलं. तुम्ही पहिल्याच दिवशी आमच्या ओट्यावरच्या डब्याचं झाकण काढलंत आणि म्हणालात, प्लॅन म्हणजे हे. घर साधारण चार फुटांवर आडवं कापायचं आणि वरून बघायचं. खिडकी किती रुंद ते दिसतं, जमिनीपासून किती उंच ते नाही. उंची सेक्शनमधून, म्हणजे घर उभं कापून काढलेल्या चित्रातून घ्यायची, आणि त्या ऑफिसच्या कागदांत जिन्यातून सेक्शन कापलेलाच नव्हता. तुम्ही कॉम्प्युटरवर भिंती उभ्या केल्यात, सात-सात इंचांच्या पायऱ्या चढवल्यात, आणि पाचव्या पायरीशी बीम आडवा आलेला आम्हाला आमच्या डोळ्यांनी दिसला. पायरीपासून बीमपर्यंत पाच फूट दहा इंच. माझा मुलगा पाच फूट अकरा आहे, दादा.

जिना सुधारला, खर्च वाचला, त्याचे आभार आहेतच. पण मला सारखी आठवते ती त्यानंतरची गोष्ट.

स्क्रीनवर तुम्ही घरातून फिरवून आणत होतात आणि आम्ही सगळे खूश होतो. तुम्ही मधेच थांबलात आणि विचारलंत, "आजी दिवसभर कुठे बसतात?" खुब्याचं हाड मोडल्यापासून आई चाकाच्या खुर्चीतच असतात. तुम्ही टेप काढलीत, त्यांच्या खुर्चीपाशी फरशीवर मांडी घातलीत, "आजी, जरा समोर बघा हं," म्हणालात आणि जमिनीपासून त्यांच्या डोळ्यापर्यंत माप घेतलंत. तीन फूट नऊ इंच. टेपची पाती त्यांच्या गालाला लागू नये म्हणून मधे स्वतःचं बोट धरलं होतंत. मी दारातून बघत होते.

मग स्क्रीनवरचा कॅमेरा तेवढ्या उंचीवर आणलात. पुढच्या खोलीची खिडकी साडेतीन फुटांवर धरली होती. खुर्चीतून दिसत होतं नुसतं आभाळ आणि समोरच्यांची पाण्याची टाकी. कोणी काही बोलेना. आई हळूच म्हणाल्या, "चालेल की, उजेड येतोय ना." तुम्ही ऐकलं नाहीत. खिडकी दोन फुटांवर उतरवलीत, बाहेरून पक्कं ग्रिल दाखवलंत, आणि गल्ली दिसायला लागली.

हे काम तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. त्याचे वेगळे पैसेही तुम्ही घेतले नाहीत. आम्ही घरच्या माणसांनीसुद्धा आईंच्या डोळ्यांच्या उंचीवरून घर कधी बघितलं नव्हतं, याचं मला फार वाईट वाटलं. समोरचा म्हातारा माणूस "चालेल" म्हणाला तरी त्याचं न चालणं ओळखायचं, हे चांगुलपण कुठल्या कोर्समध्ये शिकवत असतील असं मला वाटत नाही. तुमच्या आईवडिलांना माझा नमस्कार सांगा.

आज सकाळी आईंनी भाजीवाल्याला खिडकीतूनच हाक मारली आणि मेथीच्या दोन जुड्या घेतल्या, भाव करून. दोन वर्षांनी. रविवारी जेवायलाच या. मेथीची भाजी त्या स्वतः निवडून देणार आहेत.

तुमची,
ऐरोलीची ताई