चटणी यंदा चाळीस किलोच

गडहिंग्लज,
मार्गशीर्षातला गुरुवार

चि. सौ. मंजूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, बाळंतपणाची सहा महिने भरपगारी रजा आहे. यंदा दोनशे किलो चटणीची ऑर्डर घेते, तू पाडव्याच्या आधी ये म्हणजे झालं." मी 'बघू' म्हटलं आणि फोन ठेवला. तुझ्याशी फोनवर माझं बोलणं पुरं होत नाही, तू मधेच हिशेब सांगायला लागतेस. म्हणून कागद घेऊन बसलेय. बाबा बाजारात गेलेत, घर गप्प आहे.

आधीच सांगते, मी बाळंतपणाला येणार आहे, चटणीला येणार नाही. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टर पुण्यातले, म्हणून मी ते सोडून दिलं. आता तिथं येऊन एका हातात बाळाची दुपटी आणि दुसऱ्या हातात डंकावरनं कुटून आणलेली चटणीची पिशवी, हे माझ्याच्यानं व्हायचं नाही. मी सत्तावन्न वर्षांची आहे गं.

तुझी तारीख एप्रिलची २०. चटणीचा, म्हणजे वर्षाचं तिखट कुटून ठेवायचा, हंगाम महाशिवरात्रीपासून अक्षय तृतीयेपर्यंत. म्हणजे ऊन तापणार, मिरची वाळणार, बायका वर्षाची चटणी भरून ठेवणार, नेमकं तेव्हाच तुझे दिवस भरणार. तू रजा मोजलीस, पण त्या रजेत कुठला महिना येतो ते पाहिलंच नाहीस.

रजेचं म्हणशील तर मी आपल्या कोपऱ्यावरच्या वकीलबाईंना विचारलं. (त्या दर वर्षी तीन किलो नेतात, सल्ल्याचे पैसे घेत नाहीत.) २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस. त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे आधी घेता येतात. २०१७ च्या आधी हीच रजा १२ आठवड्यांची होती. बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत तर बाईला कामावर लावायलाच कायद्यानं बंदी आहे. मी म्हटलं, आमच्या सासूबाई यालाच सव्वा महिना म्हणायच्या, चार दिवसांचाच फरक. वकीलबाई खूप हसल्या. मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली, ती मात्र नीट वाच. रजेवर असताना बाई दुसरीकडे कामाला लागली तर तेवढ्या दिवसांचा रजेचा पगार जातो, असंही कायद्यात आहे. घरची चटणी त्यात धरायची की नाही यावर वकील वाद घालत बसतील. पण तुझ्या नेमणुकीच्या पत्रात 'दुसरा व्यवसाय करणार नाही' अशी ओळ आहे का, ते आधी बघ. भरपगारी रजा घ्यायची आणि स्टेटसला 'आज ३० किलो डिस्पॅच' म्हणून फोटो टाकायचा, आणि तुझी साहेबीण तो बघणार. मी साहेबीण असते तर मला आवडलं नसतं.

मला रजा कोणी दिली नव्हती. मागायची तरी कोणाकडे? दुकान मीच, नोकर मीच. त्या वर्षीची एक गोष्ट तुला आजवर सांगितलेली नाही.

तू फाल्गुनात झालीस. तेव्हा माझी एकतीस घरं होती. घरं म्हणजे गिऱ्हाइकं, तेव्हा आम्ही घरंच म्हणायचो. सगळ्यांकडून थोडे थोडे पैसे आधीच घेतलेले, आणि त्यातूनच मिरची आणलेली. तू बावीस दिवसांची होतीस. सोप्यात पोतं पसरून मी जवारी मिरचीचे देठ खुडत बसले होते. जवारी म्हणजे ही आपल्या संकेश्वरकडची, बेडगीसारखी नुसती रंगाची नव्हे, हाताला झोंबल्याशिवाय राहत नाही. तू रडायला लागलीस. मी उठले, हात साबणानं दोनदा धुतले, पदराला पुसले आणि तुला घेतलं. तुझ्या डोळ्यातलं काजळ पसरलं होतं, ते बोटानं पुसलं.

मंजू, तू ओरडलीस तसं बाळ ओरडलेलं मी परत कधी ऐकलं नाही. तिखट पाण्यानं जात नाही गं, साबणानंही सगळं जात नाही. आधी हाताला तेल चोळावं लागतं, मग धुवायचं. हे मला ठाऊक होतं. शंभर वेळा केलेलं होतं, पण घाईत राहिलं. डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी डोळा धुतला, थेंब दिले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तू तो डोळा उघडलास. तुझ्या आजीनं मला एक शब्द विचारला नाही. फक्त पोतं उचललं आणि गोठ्यात नेऊन ठेवलं.

तू म्हणशील हातमोजे घालीन. घाल की. पण भाजणीचा ठसका मोज्यानं अडत नाही. आपल्याकडे परसात चूल आहे, शेजारी शिंकले तरी 'झाली का चटणी' म्हणून विचारतात. तुझा दोन खोल्यांचा फ्लॅट, कोथरूडचा तिसरा मजला. एका खोलीत खोबरं-तीळ-धणे भाजायचे, मिरचीला तेल लावून परतायची आणि दुसरीत बाळ झोपवायचं? धूर काढायचा तो पंखा तुझ्या स्वयंपाकघराला पुरतो, एवढ्या मिरचीला नाही.

तर मी काय म्हणते ते ऐक.

दोनशे नाही, चाळीस किलो चटणी कर. किलो मिरचीला आपली चटणी पावणेदोन किलोच्या आसपास होते, म्हणजे मिरची तेवीस किलो लागेल. इथं नवीन मिरचीचे सौदे सुरू होतायत. मी बेडगी आणि जवारी दोन्ही बघून घेते, दोनास एक अशीच ठेवू. संक्रांतीनंतर माल पाठवते, देठ इथंच खुडून. फेब्रुवारीच्या पंधरा तारखेपर्यंत तुझी चटणी भरून झाली पाहिजे. ऊन अजून कोवळं असतं तेव्हा, म्हणून कांदा उन्हावर ठेवू नकोस. तेलात कुरकुरीत तळ, बोटात धरला की चुरा झाला पाहिजे. कांद्यात पाणी राहिलं तर बरणी उघडताच कळतं, आणि ते तुझ्याआधी गिऱ्हाइकाला कळतं.

भाजायला तू उभी राहू नकोस. मदतीला येणाऱ्या त्या दोघी बायका आहेत ना, त्यांना शिकव, तू खुर्चीवर दारात बसून रंग सांग. त्यातली धाकटीही पोटुशी आहे म्हणालीस. तिला अंगणवाडीत नाव घालायला सांग, मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला ५००० रुपये मिळतात. तुझ्या २६ आठवड्यांपुढं ते काय, पण तिला तेही कोणी सांगितलेलं नसेल. आणि मार्च ते ऑगस्ट तुझ्याकडे काम नाही, हे तिला आत्ताच सांग. होळीला सांगशील तर ती दुसरीकडे काम कधी शोधणार?

'तूच तिथं करून कुरिअरनं पाठव' असंही तू म्हणशील, मी ओळखते तुला. तो विचार मीही केला होता. पण तुझ्या पाकिटावर अन्नाच्या नोंदणीचा जो नंबर आहे, तो तुझ्या पुण्याच्या पत्त्याचा. नोंदणी जागेला असते. चटणी गडहिंग्लजला कुटायची आणि पाकिटावर कोथरूड छापायचं, हे मला पटत नाही. माझी नोंदणी करायची तर करू, पण ते पुढच्या वर्षाचं बघू.

जावईबापूंना कुरिअर आणि पैशाचं काम दे. त्यांना ते आवडतं, त्यांचा तक्ता बघितलाय मी, रंग भरलेले असतात. चव ठरवायचं काम देऊ नकोस. मागं त्यांनी 'थोडी गोडसर' करायला सांगितली होती, विसरले नाहीये.

आता गिऱ्हाइकांचं. तुझ्या जीवाला खरी धाकधूक तीच आहे, दोनशे किलोचा आकडा त्याच भीतीतून आलाय. यंदा नाही म्हटलं तर पुढच्या वर्षी येतील का? सगळी येणार नाहीत. त्या वर्षी मी पैसे परत केले, एकतीस घरी स्वतः जाऊन. तुला पाठीला बांधून नव्हे हं, तुझ्या आजीजवळ ठेवून. पुढच्या हंगामात बावीस परत आली. नऊ गेली ती गेलीच. त्यातल्या दोघी अजून बाजारात भेटतात, तुझी चौकशी करतात, पण चटणी दुसरीकडून घेतात. वाईट वाटतं का? वाटतं. त्या बावीस जणींत हायस्कूलच्या एक बाई होत्या, त्यांनी वर्षभर रिकामी बरणी धुऊन ठेवली होती, तीच घेऊन दारात आल्या. त्या नऊ आणि ही एक बरणी, दोन्ही माझ्या लक्षात आहेत. तूही दोन्ही धरून चाल.

म्हणून जानेवारीतच सगळ्यांना निरोप टाक. 'काही कारणास्तव' असलं लिहू नकोस, लोक उगाच तर्क करतात. सरळ लिही की घरी बाळ येणार आहे, यंदा चाळीस किलोच आहे, जुन्या गिऱ्हाइकांना आधी, फेब्रुवारीअखेर माल हातात मिळेल, नंतर दिवाळीपर्यंत ऑर्डर बंद. आणि माल तयार झाल्याशिवाय पैसे घेऊ नकोस. कोणी हौसेनं आधी पाठवलेच तर त्याच दिवशी परत कर. पैसे आपल्याकडे पडलेले असले ना, की सव्वा महिना संपायच्या आत पोतं उघडावंसं वाटतं. मला वाटलं होतं.

मार्चनंतर धंद्याचा फोन वेगळा काढून जावईबापूंकडे दे. रात्री तीनला बाळाला पाजताना 'ताई, रेट काय?' याला उत्तर द्यायची काही गरज नाही. आणि रजेत कंटाळा आला तर हिशेबाची वही नीट लाव. मागच्या वर्षी खोबऱ्याचे पैसे तू धरलेच नव्हतेस, मी बोलले नाही.

मी एप्रिलच्या दहाला येते. डिंक, अळीव, खारीक सगळं इथून आणणार, तिथलं काही घेऊन ठेवू नकोस. विहीणबाईंना माझा नमस्कार सांग, आणि पहिले दोन महिने न्हाऊ-माखू मी घालणार हेही हळूच त्यांच्या कानावर घालून ठेव.

येत्या रविवारपर्यंत मिरचीचा आकडा कळव. कळवला नाहीस तर मी तेवीस किलोच घेणार, तू नंतर कितीही हिशेब सांग.

तुझी,
आई

ता. क. बाबांनी माळ्यावरून पाळणा काढलाय. लाकूड धड आहे, दोऱ्या कुजल्यात. नव्या सुताच्या आणल्यात, पण त्यांना गाठ कशी मारायची ते आठवत नाहीये, आणि मला विचारायचं नाहीये.