तू बिश्वातची पोरगी

ठाणे, ९ फेब्रुवारी २०२५

बाळा,

बुधवारी वाढदिवसाला इस्राएलमधल्या अश्दोदहून तुझा फोन येईल, पण तेव्हा आजी कोणाला बोलू देणार नाही. म्हणून आधीच लिहितो.

या वेळी तुझ्या वाढदिवसाची तारीख आणि आपल्या ज्यू पंचांगाची तिथी एकत्र आल्यात. एकोणीस वर्षांत सात अधिक महिने घालून चंद्र-सूर्याचा हिशेब जुळवतात, त्यामुळे असा मेळ बहुधा एकोणिसाव्या वर्षीच बसतो. शेजारच्या काकूंना अधिक मास ठाऊक, त्यांना एका वाक्यात कळलं.

तुझी तिथी मात्र भांडून ठरलेली. १२ फेब्रुवारी २००६, संध्याकाळचे पावणेसात उलटलेले. नर्सने बारा तारीख लिहिली, ती बरोबरच. पण आपला दिवस सूर्यास्ताला बदलतो, आणि आजी खिडकीशी उभी होती. म्हणाली, "दिवस मावळलाय. पोरगी तू बिश्वातची." तू बिश्वात म्हणजे आपल्या श्वात महिन्याची पंधरावी, झाडांचं नवं वर्ष. दुसऱ्या दिवशी एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे संदेष्टा एलियाच्या नावाचा मलिदा झाला, त्यातले गोड पोहे आणि एक केळं तुझ्या आईला दवाखान्यात पोचलं.

खरं तर आपल्या ग्रंथांना वाढदिवसाचं फार कौतुक नाही. आपल्या मूळ धर्मग्रंथात, तोरात, वाढदिवसाची मेजवानी देणारा एकटा मिसरचा राजा फारो, आणि त्याच दिवशी त्याने आपल्या मुख्य भटाऱ्याला लटकावलं! इयोबाने तर स्वतःच्या जन्मदिवसाला शाप दिला. पण तल्मूदात, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथात, संदेष्टा मोशेचं आहे: अदार महिन्याच्या सातव्याला जन्म, सातव्यालाच मृत्यू, मोजून १२० वर्षं. देव भल्या माणसाचे दिवस असे पुरते भरून देतो. 'एकशेवीस वर्षं जग' हा आपला आशीर्वाद त्या १२०चाच. दिवस आपले नसतात, मोजून दिलेले असतात, एवढं मला त्यातून कळतं.

तल्मूद दोन आहेत; त्यातल्या यरुशलेमी तल्मूदात आणखी एक गंमत आहे. अमालेक लढाईला अशी माणसं काढायचा ज्यांचा त्या दिवशी वाढदिवस असे, कारण त्या दिवशी माणसाचं नशीब जोरावर असतं. शत्रूची युक्ती, पण आपल्या लोकांनी ती वेगळ्या कामाला लावली: वाढदिवस ज्याचा, त्याने इतरांना आशीर्वाद द्यायचा. तू फोनवर आधी आजीला दे. सकाळी थोडे पैसे दानाच्या डबीत टाक, आणि विसावं स्तोत्र म्हण. एकोणीस पुरी झाली की विसावं. संकटाच्या दिवशी देव हाक ऐको, अशी त्याची सुरुवात आहे. तू तिथे असताना मी ते रोजच म्हणतो, ते वेगळं.

पुढच्या वर्षी मी साठीचा. तल्मूदातल्या रब्बी योसेफने साठाव्या वर्षी मेजवानी दिली होती, अकाली मरणाच्या शिक्षेतून सुटलो म्हणून. त्यांचा शिष्य अबाये म्हणाला, साठीआधीच्या मरणातून सुटलात, पण अचानक येणाऱ्या मरणाचं काय? रब्बी म्हणाले, अर्धं तरी हातात आलं ना, ते धर.

तेव्हा माझ्या साठीला ये. नारळ मी खवीन, पोहे तू भिजव.

तुझे पप्पा