यरुशलेम वाचले, पण लाखीशचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत अश्शूरच्या (आजच्या उत्तर इराकमधल्या प्राचीन) साम्राज्यावर आलेला लेख मनापासून आवडला. पण इ.स.पू. ७०१ ची अश्शूरचा राजा सन्हेरीब याची यहूदा या ज्यू राज्यावरची स्वारी त्या राज्याची राजधानी यरुशलेम न पडल्यामुळे फसली, हा त्यातला निष्कर्ष मला मान्य नाही. त्या लेखात लाखीशचे नावसुद्धा नाही. मराठी बायबल वाचणाऱ्यांना हे नाव ठाऊक असेल. यरुशलेमच्या नैर्ऋत्येला साधारण ४० किलोमीटरवर, डोंगर आणि किनारपट्टी यांच्या मधल्या सखल मुलखात वसलेले हे नगर म्हणजे यहूदातले राजधानीखालोखाल महत्त्वाचे ठाणे. सन्हेरीबने आपली छावणी तिथेच टाकली होती आणि यहूदाचा राजा हिज्कीया याचा शरणागतीचा निरोप तिथेच गेला होता.

सन्हेरीबने आपल्या शिलालेखात ४६ तटबंदीची नगरे घेतल्याचे आणि हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पाखरासारखे कोंडल्याचे लिहून ठेवले. आपली राजधानी निनवे इथल्या राजवाड्यात मात्र त्याने एका दालनाच्या भिंती लाखीशच्या पाडावाच्या शिल्पांनी भरवल्या. फसलेल्या स्वारीची अशी चित्रे कोणी कोरून घेत नाही. ब्रिटिश उत्खनक लेयार्डने १८४० च्या दशकात उकरून काढलेले हे शिल्पपट आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. तटावरून मशाली पडत आहेत आणि तट फोडणाऱ्या यंत्राला आग लागू नये म्हणून एक सैनिक पळीने पाणी ओततो आहे. खाली सुळावर चढवलेले लोक. पलीकडे बैलगाडीवर बोचकी, त्यांवर बसलेल्या बायका-मुले, देशोधडीला निघालेली कुटुंबे. सिंहासनावर बसलेल्या राजापुढून लाखीशची लूट गेली, असे तिथे शब्दांतही कोरले आहे.

बायबलमधले वर्णन हरलेल्या बाजूचे, शिल्प जिंकणाऱ्याचे. दोघांची शहानिशा जमिनीनेच केली. यंत्रे वर नेण्यासाठी हल्लेखोरांनी तटाला भिडवलेला दगडांचा प्रचंड चढ अजून जागेवर आहे. अश्शूरी सैन्याने रचलेला असा हा एकच चढ आज ज्ञात आहे. त्याच्या समोर, तटाच्या आतल्या बाजूला, नगरवासीयांनी घाईघाईने घातलेला मातीचा भराव सापडला. शेकडो बाणांची टोके सापडली, गोफणगुंडे सापडले. एवढा तिहेरी पुरावा त्या काळातल्या फार थोड्या लढायांना लाभला आहे.

हे नगर नेमके कुठे, हे मात्र दीर्घकाळ ठाऊक नव्हते. त्याचे अवशेष ज्या टेकाडात दडले होते, त्याला स्थानिक लोक तेल अद-दुवेर म्हणत (‘तेल’ म्हणजे अरबीत टेकाड). १८९० मध्ये ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ पेट्रीने दुसरेच टेकाड, तेल अल-हेसी, लाखीश समजून खणले. १९२९ मध्ये अमेरिकन अभ्यासक ऑलब्राइटने तेल अद-दुवेरकडे बोट दाखवले आणि १९३२ पासून ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ स्टार्कीने तिथे उत्खनन केले. (१९३८ मध्ये यरुशलेमला जाताना वाटेत त्याची हत्या झाली. काम अर्धेच राहिले.) १९३५ मध्ये वेशीजवळच्या जळक्या खोलीत त्याला शाईने लिहिलेली खापरे मिळाली. बाबेलच्या (बॅबिलोनच्या) नबुखद्नेस्सर राजाने इ.स.पू. ५८६ च्या सुमारास हे नगर पुन्हा जाळले, त्याच्या जरा आधीची ही लष्करी पत्रे. एकात होशायाहू नावाचा अधिकारी वरिष्ठाला चिडून कळवतो, की मला वाचता येत नाही असे कसे म्हणता? देवाशपथ, मला पत्र वाचून दाखवायला आजवर कोणीही आलेले नाही. दुसऱ्या पत्रात लिहिले आहे, आम्ही लाखीशच्या अग्निसंकेतांवर नजर ठेवून आहोत, कारण अजेका दिसत नाही. यरुशलेमखेरीज लाखीश आणि अजेका ही दोनच तटबंदीची नगरे अखेरीस टिकून होती, असे बायबलमधल्या यिर्मयाच्या ग्रंथात म्हटले आहे.

इतकी बोलकी साधने हाताशी असताना सारी गोष्ट राजधानी वाचल्याच्या आनंदात संपवणे योग्य नाही. राजधानी वाचली तेव्हा तिच्याभोवतीचा मुलूख उद्ध्वस्त झाला होता आणि त्या बैलगाड्या कायमच्या दूरदेशी गेल्या होत्या. लेखकाने पुढचा भाग लिहिला, तर तो लाखीशवर असावा आणि सोबत त्या शिल्पपटाचे छायाचित्र मोठे छापावे, ही विनंती. लंडनला जाणाऱ्या मराठी वाचकांनीही ब्रिटिश म्युझियममध्ये ममी पाहून झाल्यावर या दालनासाठी तासभर जरूर काढावा.

आपला,
एक नियमित वाचक, नाशिक