अंदमानच्या सहलीतला ‘तो’ एक दिवस गाळा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळी जवळ आली की आपल्या दैनिकात अंदमानच्या सहलींच्या जाहिराती सुरू होतात. सेल्युलर जेल, राधानगर बीच, नील, रॉस, बाराटांग. पाच रात्री, सहा दिवस, मराठी जेवण. गेल्या डिसेंबरात आम्ही उभयता अशाच एका सहलीला जाऊन आलो. मी लिहितो आहे ते यातल्या बाराटांग बेटाबद्दल.

जाहिरातीत तिथल्या ‘चुनखडीच्या गुहा’ छापलेल्या असतात. आदल्या रात्री जेवणाच्या टेबलावर टूर मॅनेजर मात्र हळूच म्हणाला, “उद्या नशीब असेल तर जारवा दिसतील.” जारवा म्हणजे तिथल्या जंगलात राहणारे आदिवासी. गुहांचे नाव त्याने नंतर घेतले.

पहाटे अडीचला उठवले. हातात खोके दिले, त्यात ब्रेड-बटर, उकडलेले अंडे आणि केळे. पोर्ट ब्लेअरहून (आता त्याचे नाव श्री विजयपुरम, आमच्या तोंडी अजून बसलेले नाही) जिरकाटांगच्या नाक्यावर पोहोचलो तेव्हा गाड्यांची रांग लागलेली होती. आधार कार्डांच्या झेरॉक्स गोळा झाल्या, फॉर्म भरले. भल्यामोठ्या पाटीवर सूचना: गाडी थांबवू नका, फोटो काढू नका, खाऊ देऊ नका. सहाला फाटक उघडले आणि पोलिसांच्या गाडीमागून आमचा ताफा जंगलात शिरला. पुढे मिडल स्ट्रेटच्या धक्क्यापर्यंतचा जवळपास पन्नास किलोमीटरचा रस्ता जारवांच्या राखीव जंगलातून जातो.

अर्ध्या तासाने पुढच्या सीटवरून आवाज आला, “दिसले, दिसले! डावीकडे!” रस्त्याच्या कडेला एक बाई उभी होती आणि तिच्याजवळ दोन पोरगे. थोरल्याच्या कपाळाभोवती लाल दोरा बांधलेला होता. ताडोब्यात वाघ दिसल्यावर जिप्सीत होते तशी झुंबड उडाली. उजवीकडची सगळी माणसे डाव्या खिडक्यांवर. एका काकूंनी पर्समधून बिस्किटाचा पुडा काढला, तेव्हा मॅनेजर ओरडला. चौथ्या रांगेतल्या गृहस्थांनी मोबाइल मांडीवर उभा धरून काय टिपायचे ते टिपलेच. चार-पाच सेकंदांचा खेळ. ती बाई आमच्याकडे बघत नव्हती, ताफ्याची शेवटची गाडी कधी जाते याची वाट बघत असावी, असे मला वाटले. आणि हो, मीही उठून उभा राहिलो होतो. मान्य करायला हवे.

परतीच्या फेरीत कोणीच दिसले नाही. मागच्या बसमधल्यांना तर जाता-येता दोन्ही वेळा काही दिसले नव्हते. त्यांच्यापैकी एक जण मॅनेजरला म्हणत होता, “मग माणशी एवढे पैसे कशाचे घेतले?”

याच मंडळींनी दोनच दिवसांपूर्वी सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीसमोर चपला काढून हात जोडले होते. बायका रडल्या होत्या. ते रडणे खोटे नव्हते. पण 1858 मध्ये इंग्रजांनी ज्या वसाहतीसाठी इथले जंगल तोडायला घेतले, तिनेच इथल्या मूळ माणसांची वाट लावली. त्या वेळी हजारोंनी असलेले ग्रेट अंदमानी जमातीचे लोक आज पन्नास-साठच्या आसपास उरले आहेत. गोळीने मेले त्याहून जास्त रोगाने मेले. 1877 च्या गोवराच्या साथीने त्यांच्या वस्त्या रिकाम्या केल्या. ही गोष्ट कुठल्याही गाइडने आम्हाला सांगितली नाही.

जारवा वाचले ते कोणाला जवळ येऊ देत नव्हते म्हणून. बाण मारायचे. 1997 च्या अखेरीस ते आपणहून बाहेर येऊ लागले आणि 1999 मध्ये त्यांच्यातही गोवर पसरला. आम्ही गेलो त्या रस्त्याचा, म्हणजे अंदमान ट्रंक रोडचा, त्यांच्या हद्दीतला भाग बंद करा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्येच सांगितले होते. 2012 मध्ये जारवा बायकांना खाण्याच्या मोबदल्यात नाचायला लावल्याची चित्रफीत जगभर गेली. पुढच्या वर्षी न्यायालयाने काही आठवडे पर्यटकांना त्या रस्त्यावरून जाऊ दिले नाही. नंतर पुन्हा ताफे सुरू.

रस्ता सगळ्यांनाच बंद करा, असे मी म्हणत नाही. उत्तरेकडच्या रंगत, मायाबंदर, डिगलीपूरच्या लोकांना दवाखान्याला, बाजाराला, कॉलेजला तोच रस्ता आहे. जहाजे असतात, पण समुद्र खवळला की खोळंबा. त्यांची अडचण खरी आहे. डोंबिवलीहून गेलेल्या माझ्यासारख्याला कसली अडचण होती? गुहा बऱ्या आहेत, खारफुटीतून होडीने जाणे तर फारच सुंदर, पण त्यापायी मधल्या पन्नास किलोमीटरमधल्या माणसांनी रोज आमच्या खिडक्या बघाव्यात, एवढी मोठी ती गोष्ट नाही.

त्या दिवसात बघण्यासारखे पोर्ट ब्लेअरच्या आसपासच पुष्कळ आहे. चॅथमची लाकूड गिरणी 1883 ची आहे. दुसऱ्या महायुद्धात तिथे पडलेल्या बॉम्बचा खड्डा आजही दाखवतात. ती आम्ही धावतपळत वीस मिनिटांत उरकली. मानववंश संग्रहालय वेळेअभावी गाळले, म्हणजे ज्या माणसांना खिडकीतून बघायला आम्ही अडीचला उठलो, त्यांच्याविषयी दोन गोष्टी कळायची जागा तेवढी राहून गेली! चिडिया टापूचा सूर्यास्त हवा असेल तर चारलाच निघावे लागते. घड्याळ आपलेच, पण सूर्य तिथे फार लवकर मावळतो. आमच्यातले निम्मे लोक पहिल्या दिवशी अंधार झाल्यावर ‘सनसेट पॉइंट कुठंय’ विचारत होते.

परत आल्यावर सहल कंपनीला हे सगळे लिहून कळवले. फोन आला. मुलगा बोलायला अदबशीर होता. “काका, तुमचं पटतं. पण बाराटांग काढलं की लोक दुसरीकडे बुकिंग करतात.” त्याचे हे म्हणणे मला खोडता आले नाही, म्हणून हे पत्र त्याला न लिहिता आपल्या वाचकांना लिहितो आहे. बुकिंग करताना आपणच सांगावे, बाराटांग नको. दहा-बारा कुटुंबांनी सांगितले तर कार्यक्रम छापणाऱ्यांना तो बदलणे जड नाही. आणि आपल्या पुरवणीत प्रवासवर्णन छापताना ‘जारवा दिसले’ हे वाक्य कृपया गाळावे.

माझी भाची जानेवारीत सहकुटुंब जाते आहे. तिने बाराटांगऐवजी चॅथम आणि संग्रहालय मागून घेतले. कंपनीने दिले. पैसे मात्र एक रुपयानेही कमी केले नाहीत.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, डोंबिवली (पूर्व)